विश्वस्त कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी अंधांसाठी काम करणारी एखादी लहानशी संस्था असते. वीस-पंचवीस मुलांचे वसतिगृह, वेताच्या खुर्च्या विणण्याचा वर्ग, ब्रेल पुस्तकांचे एखादे कपाट, एवढाच तिचा पसारा. कारभार पाहणारे विश्वस्त म्हणजे एखादे निवृत्त मुख्याध्यापक, गावातले डोळ्यांचे डॉक्टर, एक वकील आणि दोन-तीन व्यापारी. त्यांना मानधन नसते. सरकारी अनुदान थकले की आचाऱ्याचा पगार त्यांच्याच खिशातून जातो. ही माणसे उद्या घरी बसली तर अनेक वसतिगृहांना कुलूप लागेल. म्हणून त्यांची टवाळी करणे हे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. परंतु त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे विश्वस्त नेमके कोणाचे?

कायद्याचे उत्तर पाहावे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार संस्थेची नोंदणी होते आणि तिच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी होते. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत कळवावे लागते. जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही बंधने योग्यच आहेत. मात्र त्यांचा रोख मुख्यतः मालमत्तेवर आहे. ब्लँकेटांवर किती रुपये खर्च झाले हे हिशेबतपासनिसाच्या अहवालात कळते. वसतिगृहातला मुलगा पांढरी काठी घेऊन एकटा बसस्थानकापर्यंत जाऊ लागला की नाही, हे त्यात कळत नाही.

कायदा लाभधारकाला अगदीच विसरलेला नाही. विश्वस्त संस्थेच्या लाभधारकाला तो ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ मानतो, आणि अशा दोन व्यक्तींनी लेखी अर्ज केला तर कारभाराची नवी योजना आखण्याचा विचार आयुक्त करू शकतात. पण अर्ज करणाऱ्या मुलाला संध्याकाळी जेवायला त्याच वसतिगृहात परतायचे असते. शिवाय पुष्कळ संस्था 1860 च्या कायद्याखाली सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या असतात, आणि तेथे कायदा नाव घेतो ते सभासदाचे. ज्याच्यासाठी संस्था काढली तो अंध मनुष्य सभासदांच्या यादीत क्वचितच असतो. बैठकीची नोटीस, इतिवृत्त आणि ताळेबंद हे सारे छापील असते. म्हणजे संस्थेची जी कागदपत्रे त्याच्या नावाने तयार होतात, तीच त्याला वाचता येत नाहीत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ही व्यवस्था तपासण्यासारखी आहे. बाजारात पैसे देणारा, निवड करणारा आणि वस्तू वापरणारा बहुधा एकच असतो. धर्मादाय संस्थेत पैसे देणगीदाराचे, निर्णय विश्वस्ताचा आणि उपभोग तिसऱ्याचा, अशी विभागणी होते. अल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली असे मांडले की संस्थेचा कारभार घसरू लागला तर तिच्याशी संबंधित माणसांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. गिऱ्हाईक दुकान बदलते, मतदार सरकार बदलतो. वसतिगृहातल्या अंध मुलाला दुसरे वसतिगृह नसते आणि बैठकीत मतही नसते. मग खर्चाची दिशा देणगीदाराच्या आवडीने ठरते. वाढदिवसाच्या जेवणाला देणगी सहज मिळते, कारण तेथे फोटो निघतो. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पगाराला देणगीदार शोधावा लागतो. परिणामी एका आठवड्यात तीनदा जिलेबी खाणारा मुलगा रस्ता ओलांडायला न शिकताच मोठा होतो. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याची गरज आहे त्याला विचारण्याची सोय व्यवस्थेतच नाही, एवढेच.

ही सोय केली म्हणजे काय घडते, ह्याचे उत्तम उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडते. त्या काळी अंधांसाठी उठावाच्या अक्षरांच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या आणि प्रत्येक पद्धतीची कैवारी एखादी धर्मादाय संस्था होती. डोळस चालकांना रोमन अक्षरांशी मिळतीजुळती लिपी पसंत असे, कारण ती त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना ओळखता येई. दृष्टी मंदावलेले डॉक्टर टॉमस आर्मिटेज ह्यांनी 1868 साली एक संस्था काढली आणि कार्यकारी मंडळासाठी दंडक घातला. सदस्य अंध किंवा जवळजवळ अंध असावेत, त्यांना किमान तीन स्पर्शलिपी येत असाव्यात आणि कोणत्याही लिपीत त्यांचे आर्थिक हितसंबंध नसावेत. ह्या मंडळाने बोटांनी वाचून पारख केली आणि ब्रेलची निवड केली. डोळस मंडळींनी वर्षानुवर्षे घातलेला वाद वापरणाऱ्यांच्या हाती निर्णय जाताच मिटण्याच्या मार्गाला लागला.

त्याच देशातल्या अंध कामगारांनी पुढचे पाऊल टाकले. धर्मादाय कार्यशाळांत टोपल्या आणि ब्रश बनवणाऱ्या कामगारांनी अपुऱ्या मजुरीविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली संघटना बांधली. एप्रिल 1920 मध्ये तिचे कार्यकर्ते लीड्स, मँचेस्टर आणि न्यूपोर्टहून पायी लंडनला गेले. ‘दया नको, न्याय हवा’ ही त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी कायदा झाला, अंधांच्या पेन्शनचे वय 70 वरून 50 वर आले आणि त्यांच्या कल्याणाचे कर्तव्य स्थानिक स्वराज्य संस्थांवर आले. पण पुष्कळ ठिकाणी त्या संस्थांनी हे कर्तव्य जुन्याच धर्मादाय मंडळांकडे सोपवून दिले. हक्क कागदावर मिळाला तरी कारभार कोणाच्या हाती राहतो हा प्रश्न शिल्लक उरतो, हा त्यातला धडा.

भारतातही हक्क आपोआप मिळाले नाहीत. 1970 साली अंधांची स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मार्च 1980 मध्ये दिल्लीत अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या, पण त्या कशा मोजायच्या ह्याबद्दल 2013 साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मिळवावा लागला. 2016 च्या कायद्याने राखीव जागांचे प्रमाण किमान चार टक्के केले आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी ठेवला. 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे 50 लाख भरली होती. हे हक्क त्यांच्यापर्यंत पोचवणे हे शासनाचे काम आहे. विश्वस्तांच्या उदारपणावर ते ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही.

अंधांना विश्वस्त करा असे म्हटले की एक आक्षेप हमखास येतो: हिशेब समजणारी, अनुभवी अंध माणसे आणायची कोठून? 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना जागा दिल्या तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला होता. अनुभव खुर्चीवर बसूनच येतो. खुर्ची न देता अनुभव मागणे न्यायाचे नाही. आज तर साधा मोबाईलही मजकूर वाचून दाखवतो. अट एवढीच की ताळेबंद छायाचित्राच्या रूपात न पाठवता मजकुराच्या रूपात पाठवावा.

समाजवादी कार्यकर्त्यांपैकी अनेकजण आपापल्या गावी अशा संस्थांचे विश्वस्त आहेत, आणि पुढेही अनेकांना तशी विनंती होईल. पद स्वीकारताना किंवा त्यावर राहताना त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, मंडळावरच्या निम्म्या जागा अंध व अल्पदृष्टी व्यक्तींच्या असाव्यात, आणि त्यांची निवड आजी-माजी लाभधारकांनी करावी. शोभेसाठी नेमलेला एकटा प्रतिनिधी पुरेसा नाही. दुसरी, नोटिसा, इतिवृत्त आणि हिशेब ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित किंवा वाचता येईल अशा संगणकीय रूपात बैठकीच्या आठवडाभर आधी मिळावेत. तिसरी, वार्षिक अहवालात देणग्यांच्या यादीइतकीच ठळक जागा दुसऱ्या एका यादीला मिळावी: दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे कितीजणांना मिळाली, शाळा-महाविद्यालयांत प्रवेश कितीजणांना मिळाले, राखीव जागांवर कितीजण लागले, आणि कोणते अर्ज कोणत्या कार्यालयात किती दिवस पडून आहेत.

ह्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थेच्या घटनेत दुरुस्ती करून रीतसर मंजुरी घेतली की काम सुरू होते. पुढच्या बैठकीची नोटीस निघेल तेव्हा ती वसतिगृहातल्या सर्वांत मोठ्या मुलाला वाचता येते की नाही, एवढे प्रत्येक विश्वस्ताने आधी पाहावे.