अतिभार



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘व्यवसाय आणि मनःस्वास्थ्य’ हा विषय मला दिला आहे. मी वैद्य नव्हे, बी.कॉम. होऊन कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी. म्हणून स्वतःच्याच दुकानातील एक अपराध आपणांसमोर मांडतो.

आमच्याकडे २२ वर्षे काम केलेले एक सेल्समन होते. लग्नसराईत सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उभे राहून ते साड्या उलगडीत आणि पुन्हा घड्या घालीत. गर्दी असली की त्यांचा डबा चार वाजता उघडे. गिऱ्हाईक पन्नास साड्या पाहून रिकाम्या हाताने गेले, तर मी सर्वांदेखत त्यांनाच बोल लावीत असे. पुढे त्यांच्या हातून मापात चुका होऊ लागल्या. मी तो निष्काळजीपणा मानला. मग ते येईनासे झाले. घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मालक, रात्र-रात्र जागे असतात. दुकानाचं नाव काढलं की छातीत धडधडतं.” हृदयात दोष निघाला नव्हता, मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यास ते लाजत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. आपल्या आचार्यांनी अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध सांगितले आहेत. दशलक्षण पर्वात ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ओझ्याचा बैलच येई. मुंगी चुकवून चालणाऱ्या मला काउंटरमागचा माणूस दिसला नाही.

दुकानात उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने दिली. मी स्टुले आणली, जेवणाची वेळ ठरविली. पहिल्या हंगामात विक्री थोडी घटली, हेही प्रांजळपणे सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक गल्ल्याशेजारी लावला आहे. तेथे विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

ते गृहस्थ परत आले नाहीत. क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली. दुकानाचा विषय दोघांनीही काढला नाही.