कुलपाचं घर

गटाच्या पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तीन जणींकडे, हा नियम कितीतरी गटांना पाठ आहे. पण ती पेटी ज्या खोलीत असते तिचं दार बघा. बाहेर कडी, कोयंडा आणि त्यात लोंबणारं कुलूप. पहार घालून ओढलं तर कोयंडा स्क्रूसकट हातात येतो. शनिशिंगणापूरची गोष्ट निराळी, तिथे घरांना दारं न लावायची परंपरा आहे. आपल्याला दारही लागतं आणि कुलूपही.

म्हणून आम्ही दाराच्या जाडीत आत बसणारं कुलूप आणलं. दुकानदार त्याला मॉर्टिस लॉक म्हणतात. अडलं ते बसवण्याशी. पूर्वी गावचा सुतार बलुत्यावर अशी कामं करायचा. आता हाताशी कला असलेली माणसं शहरात फर्निचरच्या कामावर आहेत, एका कुलपासाठी कोण येणार? गावात राहिलेल्या सुतारबाबांना आम्ही म्हटलं, तुम्ही बसून सांगा, हात आम्ही चालवतो. त्यांनी आधी दार दिलंच नाही. बाभळीचं आणि आंब्याचं फळकूट दिलं. बाभूळ दमवते, आंब्याचे धागे निघतात. दोन्ही हाताला कळल्यावर मग साग.

बाबांची पहिली ताकीद अशी की खाच करायच्या आधी दार वाचायचं. दार 35 मिलिमीटर जाड असेल आणि कुलपाचं धड 15 मिलिमीटर, तर दोन्ही बाजूंना 10-10 मिलिमीटर लाकूड उरतं. तेवढं ठीक. पण 25 मिलिमीटरच्या दाराला हे कुलूप लावू नका, दुकानदार काही म्हणो. भिंती पातळ उरतात आणि एका धक्क्यात फाटतात. दुसरं, दाराची मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीत जिथे शिरते, त्या सांध्यावर खाच घेऊ नका. सांध्याचं कुसू तुटलं की दार लुळं पडतं. घरकुलांना आता फ्लश दारं असतात. त्यातलं पोकळ दार असेल तर कुलपासाठी ठरलेल्या जागीच लाकडी ठोकळा असतो. बोटानं ठोकत जा, जिथे भरीव आवाज येतो तिथेच काम करा.

आता खाच. दार हलू नये म्हणून खाली पाचर मारा. दाराच्या कडेवर बरोबर मध्यावर गुण्या लावून रेघ ओढा. कुलपाचं धड कडेला धरून त्याची लांबी-रुंदी आखून घ्या. गिरमिटाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा आणि रेघेवर एकाशेजारी एक भोकं पाडा. गिरमिट सरळ आहे का, हे एकीनं बाजूनं बघावं. हे काम दोघींचं आहे. तिरकं गेलं तर ते दाराच्या तोंडावर बाहेर पडतं.

भोकांमधलं उरलेलं लाकूड पटाशीनं काढायचं. पटाशीची सपाट बाजू खाचेच्या भिंतीकडे, उताराची बाजू आतल्या कचऱ्याकडे. आधी दोन्ही टोकांना, लाकडाच्या रेषा आडव्या तोडून घ्या, नाहीतर चीर रेघेच्या पुढे धावते. मोगरीचे घाव हलके, पुष्कळ. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते, म्हणून दगडावर तेल टाकून रोज धार. पदर खोचा, बांगड्या मागे सारा.

कुलूप आत सहज शिरावं, ठोकून नाही. ठोकलं तर लाकूड फाटतं आणि काढताना रडवतं. मग वरच्या पट्टीची बाहेरची रेघ चाकूनं कापून, तिच्या जाडीइतकीच उथळ खाच घ्या. किल्लीचं आणि मुठीचं भोक एका बाजूनं अर्धं, दुसऱ्या बाजूनं अर्धं पाडा, म्हणजे तोंडाचं लाकूड उचकटत नाही. किल्ली फिरते का ते दार उघडं असतानाच बघा, मग स्क्रू.

चौकटीवरचं भोक नेमकं कुठे? याला आमच्यातल्या एकीनं तोड काढली. कुलपाच्या जिभेला ओलं कुंकू लावलं, दार लोटलं, किल्ली फिरवली. चौकटीवर ठिपका उठला. बाबा खडू वापरायचे, पण हेही त्यांना पटलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून जिभेच्या भोकाला वर-खाली जराशी जागा ठेवा.

आता एक प्रश्न, जो कुणी सुतार विचारणार नाही. नव्या कुलपाबरोबर दोन-तीन किल्ल्या येतात. त्या कुणाकडे? ज्या घरी आम्ही कुलूप बसवतो, तिथे हा प्रश्न घरच्या बाईसमोर, सगळ्यांच्या देखत विचारतो. एका घरी सासरे म्हणाले, किल्ल्या माझ्याकडे द्या. सुनेनं हात पुढे केला आणि एक घेतली. ती मजुरीला जाते, दुपारी तीच दार उघडते. आम्ही काही बोललो नाही, हत्यारं आवरली. मजुरी आधीच ठरलेली होती, ती तिनंच दिली.

शिकायचं असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीला एक फळकूट घेऊन या. हत्यारं आमच्याकडे आहेत.