टाळ हातात आहे, मग गप्प का?

(शताब्दी सोहळ्यात कोल्हापूर येथे झालेले भाषण)



शंभर वर्षं दिंडी चालली, म्हणून आज हारतुरे झाले. आम्हाला मात्र थोडं वेगळं बोलायचं आहे. आपल्या गाण्यात ताकद किती आहे आणि ती आपण कुठं वापरली, कुठं नाही, हे.

विणेकरी चरण उचलतो, टाळकरी झेलतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कोसभरात ध्रुपद पाठ होतं. एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी आपलं करायचं, ही रीत लोकांच्या अंगात होतीच. समाज जागवणाऱ्यांनी तिचाच आधार घेतला. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढं त्यांच्या अनुयायांनी तमाशाचा बाज घेऊन गावोगाव जलसे केले. सावकाराचं व्याज, कर्मकांडाचा खर्च, पोरांची शाळा, सगळं गाण्यातून सांगितलं. आपल्या कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज उभा राहिला, त्याला शाहू महाराजांचं पाठबळ होतं. मग आंबेडकरी जलसे आले. अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरला, तेव्हा त्याच्या कानात शाहिरांची डफ होती.

आता घरातलं बोलू. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराशी आहे. त्यांचीच लेकरं सहाशे वर्षं तिथंच थांबली, आत गेली नाहीत. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले, मग १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस बसले, तेव्हा देऊळ खुलं झालं. त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं, म्हणजे आपल्यातल्याच एका मठानं. हे विसरू नये.

आमच्या दिंडीच्या जुन्या वहीत त्या वर्षीचा शिधा आहे, बैलगाड्या आहेत, मुक्काम आहेत. उपोषणाबद्दल एक ओळ नाही. वाडवडिलांना आम्ही नावं ठेवत नाही. पण समतेचे अभंग रोज गाणारी माणसं त्या दहा दिवसांत काय करत होती, हे वहीला विचारावंसं वाटतं.

काहीजण म्हणतात, देवाचं गाणं चळवळीत ओढू नका. अहो, संतांनी जातीचा अभिमान सोडा म्हटलं, ते काय नुसतं चालीत बसावं म्हणून?

उद्या आपल्या नातवंडांनी आजची वही उघडली तर त्यांना काय दिसेल? आपल्या दिंडीत बायाबापड्या तुळस डोक्यावर घेऊन सगळी वाट चालतात. अभंग त्यांनाच जास्त पाठ. पण शंभर वर्षांत वीणा एकीच्याही गळ्यात आली नाही. जनाबाईचे अभंग गायचे आणि वीणा मात्र द्यायची नाही, हे कसं?

म्हणून आम्ही ठरवलंय. येत्या आषाढीला नंदवाळच्या वाटेवर वीणा एका माउलीच्या गळ्यात असेल. ज्यांना रुचणार नाही त्यांनी रागवावं, पण दिंडी सोडू नये. मागून टाळ मात्र सगळ्यांनी धरायचा.

आणि या वेळी वहीत नोंद करायची.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!