कातडी खूण देते

घराचं कौल फुटतं. पाणी आत मुरतं. भिंतीला ओल येते. आपण भिंतीला चुना लावतो. चार दिवस भिंत पांढरी दिसते. पाऊस आला की ओल पुन्हा हजर! अंगावरच्या खाजेचं, फोडांचं कधीकधी असंच असतं.

माझा थोरला भाऊ बदलापूरहून लोकलने अंबरनाथला कारखान्यात कामाला जात असे. एका उन्हाळ्यात दादाच्या मानेवर केसतोड झाले. ते बरे होते न होते, तोच काखेत दुसरे आले. मग पाठीवर. आई म्हणाली, आंबे फार खाल्लेस, उष्णता झाली. आम्ही पोटीस बांधले, लिंबाचा पाला वाटून लावला. मी तर शिकलेला, मास्तर. पण मीही उष्णताच म्हणत होतो! दादाला तहान फार लागे. रात्री तीनचारदा लघवीला उठे. या दोन गोष्टींची सांगड कुणी घातली नाही. दोन वर्षांनी चप्पल लागून पायाला जखम झाली. ती चिघळली. तेव्हा कुठे रक्त तपासलं. मधुमेह निघाला. पायाची दोन बोटं कापावी लागली.

केसतोडाचे जंतू पुष्कळांच्या अंगावर असतात. आपल्या रक्तातले शिपाई त्यांना आवरून धरतात. रक्तात साखर वाढली की हे शिपाई ढिले पडतात. मग केसतोड पुन्हा पुन्हा येतात. जांघेत, काखेत ओलसर खाज सुटते आणि हटत नाही. अशा वेळी रक्तातली साखर तपासावी. उपाशीपोटी आकडा 126 किंवा जास्त आला, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तसाच आला, तर तो मधुमेह. 100 ते 125 म्हणजे इशारा.

एक चूक कबूल करतो. शाळेत एका मुलाची मान काळी दिसे. मखमलीसारखी जाड. मी त्याला म्हणे, मान घासून ये! तो मळ नव्हताच. अंगातली साखर नीट वापरली जात नसली तर मान अशी काळवंडते. घासून ती जात नाही. आज आठवलं की लाज वाटते.

आता प्रत्येक खाज आतल्या रोगाची नसते, बरं का. जीन्स धुण्यारंगवण्याच्या कामात हात रसायनात बुडतात. गवंड्याचे हात सिमेंटने फुटतात. सुटीत खाज कमी होते, कामावर गेलं की वाढते. ती बाहेरून आलेली.

पण जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्याला जास्त भ्यावं. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापूस फिरवा. स्पर्श कळला नाही तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो नसांना धरतो, म्हणून चट्टा बधिर होतो. पूर्वी अशा माणसाला गावाबाहेर काढत. बाबा आमटे यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं ते अशाच लोकांसाठी. आज सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, कुणाला बारा महिने. रोगी घरीच राहतो, आणि बरा होतो.

बायकांनी आणखी एक पाहावं. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा, उन्हात गेल्यावर वाढणारा, आणि जोडीला सांधेदुखी, ताप, थकवा. हा ल्युपस असू शकतो. तो मूत्रपिंड बिघडवतो. पावडर लावून तो झाकू नये.

दुकानातून मागून आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून आपण खूश. नायटा मात्र त्याने पसरतो, आणि खूणही पुसली जाते. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. जाताना, आजवर लावलेल्या मलमाची ट्यूब पिशवीत घालून न्या. रिकामी असली तरी न्या. डॉक्टर ती पाहायला मागतात.