दात्याचे दान आणि धनाचा उगम

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात सर सॅम्युएल मॅककॉही यांचे नाव ‘मेंढ्यांचा राजा’ म्हणून घेतले जाते. १८३५ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा तरुण १८५६ साली मामाबरोबर ऑस्ट्रेलियात आला. दुसऱ्याच्या कुरणावर राबून धंदा शिकला आणि १८६० साली न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना प्रदेशात कुरणाचा भागीदार झाला. पुढे मालकीने वा भागीदारीने त्याच्या हाती आलेली कुरणे तीस लाख एकरांहून अधिक भरली. ‘सर’ ही पदवी, विधिमंडळातील आसन, सर्व काही मिळाले. १९१९ साली तो अविवाहित वारला, तेव्हा सुमारे सोळा लाख पौंडांच्या संपत्तीतील मोठा वाटा सिडनी व क्वीन्सलंड येथील विद्यापीठांना आणि सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देऊन गेला.

हा माणूस कष्टाळू होता, कल्पक होता. नॉर्थ यांको येथे त्याने खोदलेल्या कालव्यांनी कोरड्या मुलखात पाणी आणले. त्याच्या दानतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु समाजवाद्याने विचारायचा प्रश्न दात्याच्या स्वभावाचा नसून धनाच्या उगमाचा आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. रिव्हरिना ही विराजुरी आदी मूळ रहिवाशांची भूमी. ती कोणाचीच नव्हती, असे वसाहतीच्या कायद्याने गृहीत धरले आणि कुरणे वाटली. हे गृहीत खोटे होते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मान्य केले ते १९९२ साली!

दुसरा प्रश्न श्रमाचा. लोकर स्वतःहून मेंढीच्या अंगावरून उतरत नाही. १८८८ साली मॅककॉहीच्याच डनलॉप कुरणावर सबंध हंगामाची कातरणी प्रथमच यंत्राने झाली. त्यापूर्वी, १८८६ साली, शंभर मेंढ्यांमागील एक पौंडाची मजुरी कमी करण्याचा घाट मालकांनी घातला आणि त्यातूनच कातरणी-मजुरांची संघटना उभी राहिली. १८९१ साली क्वीन्सलंडमध्ये संप झाला, तेव्हा मालकवर्गाची घोषणा होती ‘कराराचे स्वातंत्र्य’. म्हणजे संघटनेबाहेरचा मजूर आणण्याचे स्वातंत्र्य! त्याच्या रक्षणास सरकारने लष्कर पाठवले, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. संप मोडला, पण त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या निवडणुकीत मजूर उमेदवारांनी ३५ जागा जिंकल्या.

मात्र येथे आपल्यालाही आरसा पाहावा लागेल. याच संघटनेने चिनी मजुरांना दार बंद केले आणि १९०१ च्या वर्णभेदी स्थलांतर कायद्याला मजूर पक्षाने पाठिंबा दिला. मालकाशी झुंजणारा हात वर्णाच्या भिंतीपाशी थबकला. ज्या भूमिपुत्रांची जमीन गेली, त्यांचा प्रश्न तर उभय पक्षांच्या यादीतच नव्हता.

विद्यापीठाला देणगी मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु ज्याने जमीन गमावली आणि ज्याने लोकर कातरली, त्यांचा शिक्षणावरील हक्क एका श्रीमंताच्या मृत्युपत्रावर का अवलंबून असावा? दान हे मर्जीने मिळते, हक्क लढून मिळवावा लागतो. आणि तो लढा सर्व वंचितांना सोबत घेऊनच लढला पाहिजे.