दहा मिनिटांचा दवाखाना

२००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका हृदयरुग्णाची हकिकत छापून आली. त्याच्या डॉक्टरांनी त्याला सुचवलं होतं, की हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी खास क्लिनिक आहे, तिकडे जात जा. तो सरळ नाही म्हणाला. त्याने हिशोबच मांडला. मागच्या दोन वर्षांत तज्ज्ञांच्या भेटी, तपासण्या आणि उपचार यांसाठी त्याच्या ५४ खेपा झाल्या होत्या. म्हणजे दर पंधरवड्याला एक अख्खा दिवस दवाखान्याच्या नावाने. आता आणखी एक क्लिनिक नको.

वैद्यकीय परिभाषेत अशा माणसाला फार पूर्वीपासून एक नाव आहे: ‘सहकार्य न करणारा रुग्ण’. त्या लेखाच्या तीन लेखकांनी, म्हणजे कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी, बाजू उलटी लावली. आजाराचं जसं ओझं असतं तसं उपचाराचंही असतं, आणि ते कोणी मोजतच नाही, असं त्यांचं म्हणणं. रुग्णाच्या जगण्याची कमीत कमी मोडतोड करणारी वैद्यकी हवी, ही त्यांची मागणी होती. मोंटोरी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे. मेअरबाई ग्लासगो विद्यापीठातल्या आणि स्वतः जनरल प्रॅक्टिशनर (जीपी), म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. आजचा विषय त्या विद्यापीठातल्या आणि त्याच्याभोवती जमलेल्या संशोधकांच्या कामाचा आहे. एकाच देहात चार-पाच आजार घेऊन जगणाऱ्या माणसाला साध्या, घराजवळच्या दवाखान्यात नेमकं काय मिळतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं.

हे काम ग्लासगोतच का उभं राहिलं, याला कारण आहे. जहाजबांधणीवर मोठं झालेलं हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामधंद्याला मुकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालात या भागातली दोन नावं शेजारीशेजारी आली: काल्टन या गरीब वस्तीत पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं, तर जवळच्याच लेन्झी या सुखवस्तू भागात ८२. हा आकडा पुढे जगभर फिरला. काल्टनमध्ये बेघर पुरुषांची वसतिगृहं होती आणि त्यामुळे ५४ हा आकडा आणखी खाली ओढला गेला, हेही सांगायला हवं. पण वसतिगृहं वगळली तरी दरी बुजत नाही.

आता मूळ संशोधनाकडे येऊ. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये कॅरन बार्नेट, स्टुअर्ट मर्सर, ग्रॅहम वॉट, ब्रूस गथ्री आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधल्या ३१४ दवाखान्यांत नोंदलेल्या १७ लाख ५१ हजार ८४१ माणसांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि ४० जुनाट आजारांची यादी लावून पाहिली. मधुमेह किती जणांना, दमा किती जणांना, अशी मोजणी त्याआधीही झालेली होतीच. इथे मोजलं ते एका माणसामागे आजार किती हे. २३.२ टक्के लोकांना दोन किंवा अधिक आजार, म्हणजेच बहुव्याधी, निघाले. वैद्यकीय शिक्षण, मार्गदर्शक तत्त्वं आणि इस्पितळांचे विभाग हे सगळं एकेका आजाराभोवती रचलेलं, आणि दारात उभा असलेला माणूस मात्र अनेक आजारांचा.

दोन गोष्टींनी वाचणारे चमकले. पहिली म्हणजे, अनेक आजार हा म्हातारपणाचा प्रश्न आहे ही समजूत अर्धीच खरी निघाली. टक्केवारी वयाबरोबर वाढते हे ठीक, पण प्रत्यक्ष डोकी मोजली तर असे रुग्ण ६५ च्या आतले जास्त होते. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. सर्वांत गरीब वस्त्यांत बहुव्याधी सुखवस्तू वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी गाठते. त्यातही शरीराचा आजार आणि मनाचा आजार यांची जोडी गरीब भागात ११ टक्के लोकांत होती, श्रीमंत भागात ५.९ टक्क्यांत. पंचेचाळिशीतला एक माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याला मधुमेह, छातीचा विकार, पाठदुखी आणि त्या सगळ्यावर नैराश्य. याला कुठल्या विभागात पाठवायचं? तो जातो जीपीकडे, आणि तिथे एका रुग्णासाठी ठरलेला वेळ साधारण दहा मिनिटांचा.

त्या दहा मिनिटांत काय होतं, हे मर्सर आणि वॉट यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत २६ डॉक्टर आणि ३,०४४ रुग्ण होते, काही गरीब भागांतले, काही सुस्थितीतल्या. गरीब भागात रुग्णांच्या तक्रारी जास्त आणि गुंतागुंतीच्या, भेटीची वेळ मिळायला उशीर, आणि प्रत्यक्ष भेट तुलनेने आखूड. डॉक्टरवरचा ताण जास्त. भेट संपवून बाहेर पडताना ‘आता मला माझा आजार सांभाळता येईल’ असं वाटणारे रुग्ण कमी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, डॉक्टरला फी द्यावी लागत नाही, त्यामुळे दारं सगळ्यांना सारखीच उघडी आहेत असं मानलं जातं. दारं सारखी असतात हो, पण आतला वेळ सारखा नसतो.

हे निदान नवं नव्हतं. वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर अनेक वर्षं राहिले. १९७१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी एक नियम मांडला: चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथे ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराला मोकळं सोडलं तर हे प्रमाण आणखी बिघडतं. लेख लिहून ते गप्प बसले नाहीत. आपल्या यादीतल्या माणसांना बोलावून, न आलेल्यांच्या मागे लागून त्यांनी सगळ्यांचे रक्तदाब मोजले आणि पंचवीस वर्षांच्या नोंदी ठेवल्या. शेजारच्या तशाच गावाशी तुलना केली तेव्हा ग्लिनकोरुगमध्ये अकाली मृत्यू कमी निघाले. ग्रॅहम वॉट तरुणपणी याच हार्ट यांच्याबरोबर काम करून आलेले. ग्लासगोच्या कामाचं गोत्र असं लागतं.

इथे भारताचा एक धागा आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९४८ नंतर एनएचएस उभी राहिली तेव्हा खाणींच्या दऱ्यांत आणि कारखान्यांच्या गावांत जायला ब्रिटिश पदवीधर फारसे उत्सुक नव्हते. त्या जागा मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरल्या. बढत्यांत डावललेले, इस्पितळातल्या मानाच्या विभागांपर्यंत न पोहोचलेले हे लोक गरीब वस्त्यांचे फॅमिली डॉक्टर झाले. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून गेलेली मंडळीही त्यांत होती. हार्ट यांच्या नियमाच्या उलट दिशेने चाललेली ही माणसं ब्रिटिश वैद्यकाच्या इतिहासात उशिरा दिसू लागली, ही वेगळ्या व्याख्यानाची गोष्ट.

२००९ साली वॉट आणि सहकाऱ्यांनी एक साधी यादी केली. स्कॉटलंडमध्ये तेव्हा सुमारे हजार दवाखाने होते. त्यांतले सर्वांत वंचित वस्तीतले १०० निवडले, बहुतेक ग्लासगो आणि आसपासचे, आणि तिथल्या डॉक्टरांना एकत्र बोलावलं. दवाखान्याचं काम थांबू नये म्हणून बदली डॉक्टरांची सोय केली. या गटाचं नाव ‘डीप एंड’, म्हणजे पोहण्याच्या तलावाची खोल बाजू. गरजेचा तळ उतरत जातो, डॉक्टरांची संख्या मात्र सगळीकडे सपाट, असं चित्र. कोणी म्हणेल, प्राध्यापकांनी डॉक्टरांकडून फॉर्म भरून घेतले असतील. तसं नव्हतं. डॉक्टर बोलले, विद्यापीठाने लिहून घेतलं आणि त्याचे अहवाल झाले. दारूचं व्यसन, भत्ते बंद झालेली कुटुंबं, लहान मुलांची आबाळ, असे विषय त्यांत आले.

या बैठकांतून आणि एकूण या संशोधनातून निघालेल्या कल्पना पुढे प्रयोग म्हणून तपासल्या गेल्या, आणि या गटाबद्दल आदर वाटतो तो इथे. कारण सगळे निकाल त्यांच्या बाजूने लागले नाहीत.

आधी बाजूने लागलेला निकाल. ‘केअर प्लस’ नावाचा प्रयोग ग्लासगोच्या गरीब भागातल्या आठ दवाखान्यांत झाला. १५२ रुग्ण, सगळे बहुव्याधीचे. निम्म्या दवाखान्यांतल्या रुग्णांना डॉक्टर किंवा नर्सबरोबर ३० ते ४५ मिनिटांची लांब भेट, पुन्हा त्याच माणसाशी पुढच्या भेटी, आणि ताण हाताळण्यासाठी घरी न्यायचं साहित्य. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि आपसांत बोलायला वेळ. वर्षभराने पाहिलं तर ‘निराश, अस्वस्थ वाटणं’ कमी झालं होतं, जीवनमानाच्या मोजणीतही फरक दिसला, पण उत्साह किंवा आनंद यांत फार बदल नाही. खर्चाचा हिशोब केला तेव्हा चांगल्या प्रकृतीच्या एका वर्षामागे सुमारे १२,२२४ पौंड पडले. ब्रिटनमध्ये नव्या औषधाला परवडणारं म्हणताना तेव्हा जी २०,००० पौंडांची रेघ वापरत, तिच्या हे खूप खाली. म्हणजे वेळ हे औषध बाजारातल्या पुष्कळ औषधांपेक्षा स्वस्त ठरलं. प्रयोग लहान होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

आता बाजूने न लागलेला. ‘थ्री-डी’ हा प्रयोग ब्रिस्टलचे ख्रिस सॅलिस्बरी यांच्या नेतृत्वाखाली झाला, मेअर आणि मर्सर त्यात होते. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधले ३३ दवाखाने, तीन किंवा अधिक आजारांचे १,५४६ रुग्ण. एकेका आजाराच्या वेगवेगळ्या तपासणीऐवजी दर सहा महिन्यांनी सगळ्या आजारांची एकत्र भेट. नर्स, डॉक्टर आणि औषधांचा आढावा घेणारा फार्मासिस्ट. १५ महिन्यांनी जीवनमानात फरक शून्य. रुग्ण मात्र म्हणाले, की आमच्याकडे माणूस म्हणून पाहिलं गेलं, आमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय ते विचारलं गेलं. ठरल्याप्रमाणे दोन्ही भेटी सगळ्यांना मिळाल्याही नाहीत, कारण दवाखाने आधीच वाकलेले. २०१८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे सगळं जसंच्या तसं छापलं गेलं.

या निकालाचं काय करायचं? काही टीकाकार म्हणाले, झालं, एकत्र भेटीची कल्पना बाद. घाई होते आहे. रुग्णाला चांगली वागणूक मिळणं हे आकडा हलण्याचं साधन असेल तरच मोलाचं, असं मानायचं कारण नाही. दुसरं, पंधरा महिन्यांत पाच आजारांचं ओझं हलकं व्हावं ही अपेक्षाच जास्तीची असावी. पण संशोधकांवर प्रेम असलेल्यांनी हेही कबूल करावं, की लांब भेट सर्व दुखण्यांवर उतारा आहे असा पुरावा अजून हातात नाही. दवाखान्यातच ‘लिंक वर्कर’ बसवून रुग्णांना वस्तीतल्या संस्थांशी जोडून देण्याचा प्रयोगही असाच निघाला. एकूण गटात फरक नाही; जे तीनदा किंवा जास्त वेळा त्या कार्यकर्त्याला भेटले, त्यांत सुधारणा. ओळख व्हायलाच वेळ लागतो, असं त्यावरून वाटतं. सिद्ध झालेलं नाही.

पैशांच्या वाटेनेही पाहावं लागतं. २००४ पासून ब्रिटनमधल्या जीपींना एकेका आजाराच्या निकषांवर गुण आणि गुणांवर पैसे मिळू लागले: साखर मोजली, रक्तदाब आवाक्यात आणला, खूण करा. एका आजाराचा रुग्ण असेल तर पद्धत बरी. पाच आजारांच्या माणसाच्या भेटीत डॉक्टर संगणकाच्या खुणांमागे धावतो. यातली गंमत अमेरिकेतल्या सिंथिया बॉइड यांनी २००५ मध्येच दाखवली होती. कागदावरची ७९ वर्षांची बाई, पाच सामान्य आजार. प्रत्येक आजाराचं मार्गदर्शन तंतोतंत पाळलं तर तिला १२ औषधं आणि महिन्याला ४०६ डॉलर खर्च. स्कॉटलंडने ही गुणपद्धत २०१६ मध्ये बंद केली. त्या निर्णयामागे अनेक कारणं होती, पण बहुव्याधीच्या अभ्यासाने तयार केलेली हवाही होती, असं म्हणायला जागा आहे.

महाराष्ट्रात ही बाई कागदावर नसते. ती कुठल्याही हाउसिंग सोसायटीत भेटते, हातात रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी घेऊन. साखरेचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि कोणाच्या गोळीने कोणाची गोळी बिघडते हे विचारायचं कोणाला? पूर्वी घरी येणारे फॅमिली डॉक्टर ते सांगायचे. सार्वजनिक बाजूला तर वेळेचंच गणित कठीण: निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. २०१७ मध्ये ६७ देशांच्या पाहणीत डॉक्टर-रुग्ण भेटीचा वेळ बांगलादेशातल्या ४८ सेकंदांपासून स्वीडनमधल्या साडेबावीस मिनिटांपर्यंत आढळला. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. ग्लासगोतले दहा मिनिटांवर रडतात, असं इथल्या एखाद्या मेडिकल ऑफिसरला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

भारतात हा विषय धरणारे लोक आहेत. भुवनेश्वरमध्ये संघमित्रा पती यांनी ओडिशातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांतल्या रुग्णांत बहुव्याधी मोजली आणि त्यासाठी इथल्या दवाखान्यांना चालेल अशी प्रश्नावली बनवली. महाराष्ट्रात प्रत्येक मेडिकल कॉलेजला पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचा, विभाग आहे, शहरी आरोग्य केंद्र आहे, दरवर्षी नवे इंटर्न येतात. मर्सर-वॉट यांची २००७ ची पाहणी करायला एमआरआय लागला नव्हता. प्रश्नावल्या लागल्या, घड्याळ लागलं आणि रुग्णाला बाहेर पडताना दोन शब्द विचारण्याची तयारी. एखाद्या झोपडपट्टीतले दहा दवाखाने आणि उच्चभ्रू पेठेतले दहा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. खासगी डॉक्टर आपल्या दवाखान्यात घड्याळ घेऊन कोणाला बसू देतील का, हा पहिला अडथळा. तो ओलांडायचा तर ‘डीप एंड’सारखं डॉक्टरांना आधी बोलायला बोलवावं. घड्याळ नंतर.