भाता आणि पंप

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. इथे इंदूरमध्ये शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तंत्रज्ञ आहे, डिप्लोमावाला. डॉक्टर व्हेंटिलेटर लावतात तेव्हा शेजारी उभा असतो तो मी, आणि रात्री दोन वाजता त्याचा अलार्म वाजला की धावतो तोही मीच. चिटणीस म्हणाले, आरोग्यावर काहीतरी बोला. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर तो मराठीत आणि हिंदीत सारखाच विचारला जातो : "व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलंच ना?"

जरा पोटावर हात ठेवा. लाजू नका, सगळ्यांनी ठेवा. श्वास घेताना पोट पुढे येतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा एक स्नायूचा पडदा आहे. तो खाली सरकतो, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडताना हवा ओढतो, तसंच. सोडताना काही करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस स्वतःच आक्रसतं. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला १२ ते २० वेळा. दिवसाचे वीस हजारांच्या आसपास श्वास होतात, आणि हा भाता चालवणारा स्नायू कधी सुट्टी मागत नाही.

मागतो तेव्हा आमच्याकडे यावं लागतं.

व्हेंटिलेटर मात्र भाता नाही, तो सायकलचा पंप आहे. हवा ओढत नाही, ढकलतो. पूर्वी ओढणारी यंत्रंही होती. १९२८ साली बोस्टनमध्ये ड्रिंकर यांची लोखंडी पेटी आली. माणूस गळ्यापर्यंत आत, डोकं बाहेर, आणि पेटीतला दाब कमी करून छाती फुलवायची. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात अशी पेटी एकच होती. श्वास बंद पडत चाललेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. ती वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबत बसले. आजचा व्हेंटिलेटर म्हणजे त्या पोरांच्या हातांच्या जागी आलेलं यंत्र. पोलिओ त्या पिशवीने बरा केला नाही. शरीर सावरेपर्यंत श्वासाचं काम तेवढं तिने केलं. लोकांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगतो.

पण पंपाने जसं काम होतं तशी इजाही होते. न्यूमोनियाने फुप्फुस भरलं की हवा घेण्याजोगा भाग थोडाच उरतो. त्यात भरपूर हवा कोंबली तर चांगला भागही फाटतो. सन २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मोठे श्वास दिलेल्या गटात शंभरातले सुमारे ४० दगावले आणि छोटे श्वास दिलेल्यांत ३१. औषध तेच, यंत्र तेच, फरक फक्त हवेच्या मापाचा. आता हे माप आम्ही उंचीवरून काढतो, वजनावरून नाही. १६० सेंटीमीटर उंचीचा पुरुष पन्नास किलोचा असो की नव्वदचा, आजारी फुप्फुसाला साधारण ३४० मिलिलिटरच. माणूस लठ्ठ झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. म्हणून आम्ही खाटेवर टेप घेऊन उंची मोजत असतो. नातेवाईकांना वाटतं, हे आत्तापासून कसली मापं घेतायत!

दुसरा प्रकार सीओपीडीचा, ज्याला आपल्याकडे सरसकट जुना दमा म्हणतात. बिडी-सिगारेटने होतो, तसाच वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बायकांनाही होतो. इथे हवा आत जाते, बाहेर पडत नाही. मागची निघायच्या आत पुढची येते, छाती फुगलेलीच राहते आणि श्वासपटल खाली दाबून सपाट होतं. सपाट पडदा ओढणार काय?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे थोरले काका असेच होते. एका जानेवारीत सर्दीचं निमित्त झालं. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं. धाप वाढली म्हणून चुलतभावाने काळजीपोटी त्याचा फ्लो दोनवरून सहावर नेला. अशा रुग्णात ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस पेंगायला लागतो. घरच्यांना वाटलं, शांत झोप लागली. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला आकडा स्वतः बदलू नका. बोटावरचं यंत्र ८८ ते ९२ दाखवत असलं तरी अशा बहुतेक रुग्णांना ते पुरतं.

आधी मास्कचं बायपॅप लावलं. भागलं नाही. डॉक्टर म्हणाले, ते थकलेत, नळी घालावी लागेल. काकू माझ्याकडे वळल्या. "तू रोज हेच करतोस ना रे? मग तू सांग."

आणि मी, जो रोज त्या बाकावरच्या लोकांना समजावतो, तो म्हणालो, "सकाळपर्यंत थांबू या का?"

डॉक्टरांनी काही न बोलता मला रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवला. दोन तास गेले होते माझ्या त्या भीतीत. मग सही केली.

नळी घातली की बोलता येत नाही, गुंगीचं औषधही असतं, त्यामुळे माणूस गेल्यासारखा दिसतो. तो गेलेला नसतो. उलटही लक्षात ठेवा. हृदय थांबलं तरी पंप छाती हलवत राहतो, म्हणून नुसती छाती हलते यावरून जीव आहे असं ठरत नाही. यंत्रावर श्वासपटलही दोन-तीन दिवसांतच रोडावू लागतं. त्यामुळे आम्ही रोज सकाळी बघतो, आज आधार कमी करून अर्धा तास स्वतः श्वास घेता येतोय का. काकांना पाचव्या दिवशी जमलं. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाळ, मी सोडत होतो आणि ते भरत होतं रे." पहिल्या रात्री श्वासांचा वेग जास्त ठेवला गेला होता, दुसऱ्या दिवशी तो कमी केला होता. त्यांना ते कळलं होतं.

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. शेवटच्या वर्षी स्वच्छतागृहापर्यंत जाणंही होत नव्हतं. एके दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, पुन्हा नळी नको. तेव्हा काकू रागावून उठून गेल्या होत्या. पुढे ती वेळ आली आणि काकूंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी म्हणालो, "काकांनी सांगून ठेवलंय." त्या म्हणाल्या, "हो, ठेवलंय." मास्क आणि औषधं शेवटपर्यंत चालू होती. काकूंचा हात त्यांच्या छातीवर होता.

आरतीची वेळ होत आली आहे. धाप लागली की ओठांचा चंबू करून, मेणबत्ती विझू न देता फुंकावी तसा हळूहळू श्वास सोडायचा असतो, त्याने अडकलेली हवा निघायला मदत होते. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी प्रसादानंतर मागच्या रांगेत यावं, मी तिथेच आहे.